पातेल्यातला सांभार

मी किशोरवयीन वाचकांसाठी चरित्रं लिहिते. त्याआधी बारा वर्षं वर्तमानपत्रात जिल्ह्याचं पान लावलं. तिथे नसलेली एक सवय मी पुस्तकांसाठी लावून घेतली: ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं.

रोहण्याच्या एका निवृत्त नर्सबाईंचं चरित्र मागच्या वर्षी लिहून झालं. शेवटचं पान ऐकल्याशिवाय संमतीपत्रावर सही नाही, अशी त्यांची अट होती. पुण्याच्या प्रकाशकांकडून चित्रांसह पानं आली, तसं पाकीट घेऊन मी निघाले आणि त्यांच्या ओसरीवरच ते फोडलं.

शाळकरी वयात या बाई सकाळी मळ्यातला सांभार आर्वीच्या बाजारात विकून तशाच शाळेत जात. वह्यांनाही त्याचा वास यायचा. वर्गाने नाव ठेवलं होतं ‘सांभारवाली’. हे मी जसंच्या तसं लिहिलं. मीही वर्धा जिल्ह्यातलीच, सेलूची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. हे कुणाला समजावून सांगावं लागेल, असं मनातही आलं नाही.

चित्रकार पुण्याचा. त्याने दोन वेण्यांची मुलगी काढली होती. पाठीला दप्तर, डोक्यावर वाफाळतं पातेलं, हातात पळी.

बाईंनी चष्मा लावला.

“काऊन वं, मी इडल्या कवा विकल्या?”

मी तिथूनच संपादकांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “सगळीकडे कोथिंबीर करून टाकू. चित्रही बदलू.”

मी हे सांगताच बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“मंग मी कोथिंबीरवाली झाली का? पोट्ट्यायनं ठेवलेलं नाव हाय थे. थेच बदलवशीन, तं बाकीचं खरं कोन मानन?”

मी संपादकांशी पुन्हा बोलले. ठरलं ते असं: शब्द राहील, चित्र बदलेल, आणि सुरुवातीला खुलाशाचं एक वाक्य येईल. ते वाक्य बाईंनीच सांगितलं. मी ते फोनवर शब्दशः सांगितलं.

“आमच्या इकडं कोथिंबिरीले सांभार म्हनतात. थो पातेल्यात नाई, जुडीत राह्यते.”

मग सही झाली. पातेल्याचं पान मात्र त्यांनी परत दिलं नाही.

“हे राहू दे. सुनेले दाखवतो. म्हनते, तुमाले सैपाक जमत नाई. पाह्य म्हनतो, शाळेत होती तवा येवढं पातेलं रांधत होती!”