आक्काचा ताप

माझी थोरली बहीण, आक्का, वडगावात घरच्या मागावर साड्या विणायची. तिच्या मानेत गाठी आल्या आणि कॅन्सर निघाला, तेव्हा तिनं पहिली काळजी केली ती मागावरच्या अर्ध्या साडीची. केमो ठरली, पण त्याआधीच तिला कोरोनाचा ताप भरला. आम्ही आशाच सोडली होती. ताप उतरला आणि मानेवरून हात फिरवता फिरवता तिनं आरसा मागितला. लिंबाएवढ्या गाठी वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनाही नवल वाटलं. विषाणूशी लढायला उठलेलं शरीर क्वचित कधी गाठींवरही तुटून पडतं, असं त्यांनी समजावलं. ते टिकेलच असं नाही, उपचार घ्यायलाच हवेत, हेही बजावलं. आक्कानं यातलं काहीच मनावर घेतलं नाही. उचगावच्या देवीला तिनं बकरं बोललं होतं. गाठी उतरल्यावर लगेच नवस फेडला, सगळी भावकी जेवून गेली. मी केमोचा विषय काढला तर म्हणाली, “आगं, देवीचं फेडून झालंय. आता परत सुया टोचून घेतल्या तर तिच्यावर इस्वास न्हाय असं हुईल.”

माझं डोकं फिरलं. देवीनं कुठं सांगितलं होतं दवाखाना सोड म्हणून? मी तोंडाला येईल ते बोलले. भावजी खाली मान घालून मागाला तेल घालत राहिले.

पावसाळा सरताना गाठी परत आल्या, आता काखेतही. या वेळी आक्का स्वतःहून दवाखान्यात आली, पण उशीर झाला होता. केमो तिला सोसवेना. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

मग ती तापाची वाट बघू लागली. आल्यागेल्यातलं कुणी शिंकलं की त्याला जवळ बसवून घ्यायची. मी चिडून अशा माणसांना दारातूनच परत पाठवायचे. पण तिचं अंग पुसताना माझाही हात तिच्या कपाळावर जरा जास्तच रेंगाळायचा. मलाही ताप हवा होता.

एका संध्याकाळी तिनं माझा हात ओढून कपाळावर ठेवला. आवाज अगदी खोल गेला होता.

“बघ गं, तापलंय न्हवं?”

कपाळ गार होतं.

“व्हय आक्का,” मी म्हणाले, “लई तापलंय.”

“मग आता गाठी जातील बघ,” ती म्हणाली आणि मानेवरून हात फिरवू लागली.