वल्लरीच्या पडद्यावरचा अरुंद पट्टा

वल्लरी आणि मी इंदिरानगरातल्या एका छोट्या कंपनीत शेजारीशेजारी बसायचो. लॅबमधले रक्ताचे रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर आम्ही दोघी सांभाळायचो. तिचे वडील, वेणीमाधव गुरुजी, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. वल्लरी हुशार होती, पण मला ती धांदरट वाटायची. पुढ्यात ठेवलेला चहाचा कप ती मान फिरवून फिरवून शोधायची. दाराजवळच्या खुर्चीला रोज धडकायची.

२००६च्या ऑगस्टमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबचे सकाळपासूनचे रिपोर्ट पुसले गेले. सॉफ्टवेअर तपासून बघायच्या आमच्या चाचणीच्या मशीनवर द्यायची, सगळं पुसणारी कमांड थेट त्यांच्या सर्व्हरवर गेली होती. अठरा जणांना पुन्हा रक्त द्यावं लागलं. त्यात सहा दिवसांचं एक बाळ होतं. त्या वेळी आम्ही दोघीही एकाच लॉगिननं आत होतो. आदल्याच आठवड्यात माझी एक चूक झाली होती, म्हणून आमचे मालक महेश सर यांनी मलाच धरलं.

"छाया, तुम्ही आता सर्व्हरला हात लावायचा नाही," एवढंच ते म्हणाले.

मी ते केलं नव्हतं, पण हळूहळू माझी मलाच खात्री वाटेना. ते बाळ डोळ्यांसमोरून जाईना.

पाचव्या दिवशी डबा खाताना वल्लरीनं पोळीचा घास तसाच खाली ठेवला. "ती कमांड मी दिली होती."

मी डब्याचं झाकण लावलं.

"पडद्यावर खिडक्या एकावर एक होत्या. वर कोणती आहे ते मला कळलं नाही. मला फक्त मधलं दिसतं गं. कडेचं काहीच नाही, आणि ते मधलंही आक्रसत चाललंय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. बाबा म्हणतात, कुठे बोलू नकोस. स्थळं येतात ना."

मला तिची दया यायला हवी होती. पण आधी रागच आला; पाच दिवस ती माझ्या शेजारी बसून जेवली होती. त्याच दुपारी तिनं सरांना सगळं सांगितलं. आधीच्या चुकीमुळे सरांनी माझी बंदी उठवली नाहीच, तिलाही सर्व्हरवरून काढलं आणि यातून वाट काढायला तीन महिन्यांची मुदत दिली.

मग तिनं कुठूनतरी वेगळ्या धर्तीचा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम, शोधून काढला. आमच्या मशीनवर लिनक्स असल्यामुळे तो बसवता आला. त्यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. फरशा बसवाव्यात तशा शेजारीशेजारी बसतात, आणि सगळं कीबोर्डवरून चालतं. माउसचा बाण शोधण्यात तिचा निम्मा दिवस जायचा, ते आता थांबणार होतं.

पण नुसता बसवून भागलं नाही. दोन खिडक्या शेजारी लावल्या की दुसरी तिला दिसायचीच नाही. तेव्हा तिनं दोन्ही कडांना रिकाम्या काळ्या खिडक्या उभ्या केल्या आणि मधल्या अरुंद पट्ट्यातच काम आणलं. आकड्याचं बटण दाबलं की पट्ट्यातलं काम बदलायचं: एकवर चाचणीचं मशीन, दोनवर मेल, तीनवर हॉस्पिटलचा सर्व्हर, अशी जागा ठरवली. तीनचा सगळा पट्टा पिवळा, म्हणजे तिथे गेल्याचं चुकूनही नजरेतून सुटू नये. रंग जुळवायला मी बसायचे. राग गेला नव्हता, तरी बसायचे. एकदा सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ चुकली आणि एकही बटण चालेना. ती काळ्या पडद्यापुढे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "मला हे जमणार नाही, छाया," म्हणाली. मी माझ्या मशीनवरून तिची फाइल उघडली, तिनं ओळ तोंडी सांगितली, मी दुरुस्त केली.

एका संध्याकाळी गुरुजी तिला न्यायला आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "अगं, हा तर सगळा रिकामाच आहे."

"मला दिसतं तेवढंच ठेवलंय, बाबा."

गुरुजींनी खुर्ची ओढली. त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना त्यांनी बोटं लावून पाहिली. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाळ, एवढंच दिसतं तुला?" तिनं मानेनंच हो म्हटलं. घरी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, हे तिनं मला नंतर सांगितलं.

नोव्हेंबरात सरांनी आम्हा दोघींना सर्व्हर परत दिला. तीनवर जाण्याआधी ती मला मोठ्यानं सांगायची, मी हो म्हटल्यावरच कमांड द्यायची. पुन्हा तशी चूक झाली नाही. पण दर काही महिन्यांनी ती अक्षरं मोठी करायची आणि पट्टा आणखी आत घ्यायची. २००९च्या उन्हाळ्यात एका ओळीत जेमतेम चार शब्द मावायला लागले, तेव्हा तिनं स्वतःहून राजीनामा दिला.

सरांनी तो तसाच घेतला नाही. लॅबवाल्यांचे अडचणीचे फोन त्यांनी तिच्या घरी वळवले. आता सकाळी नऊपासून ती फोनवर असते. समोरचा माणूस पडद्यावर काय दिसतंय ते वाचून दाखवतो, आणि कोणतं बटण दाबायचं ते ती सांगते.