बाबांचं उत्तर उशिरा येतं

दुपारचं जेवण अंमळ जास्त झालंय. संगणकावर अहवाल लिहिता लिहिताच यामिनीचे डोळे मिटू लागतात. धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालच्या गावी पाणी किती उशिराने चढतं, हे ती शोधतेय. नदी कधी धावते, कधी रेंगाळते; मोजमापांत तर नुसता उलटसुलट आकड्यांचा गोंगाट. त्या गोंगाटातून नेमका उशीर हुडकून काढण्यात संस्थेत तिचा हात धरणारं कोणी नाही.

पडद्यावरची पाणीपातळीची रेघ खालीवर होता होता मालवणची खाडी होते. टेबलापलीकडे, पाण्यात पाय सोडून बाबा बसलेत. ते जाऊन वर्ष होत आलंय, हे तिला ठाऊक आहे. तरी ती विचारते, "बाबा, जेवलात?"

बाबा नुसते बघत राहतात.

"गोळ्या घेतल्यात?"

"हो, पेज खाल्ली."

"मी गोळ्यांचं विचारतेय! आणि डॉक्टरांकडे कधी जाताय?"

"सकाळीच घेतल्या गो."

यामिनी एकेक उत्तर एकेका प्रश्नामागे सरकवून बघते. बाबा चुकत नाहीयेत. ते मागच्या प्रश्नाचं उत्तर देतायत.

फोनवरही असंच व्हायचं. ती विचारायची, मग पलीकडे शांतता. दर महिन्याला ती शांतता लांबत गेली. "रेंज नाही वाटतं तुमच्याकडे," म्हणून ती फोन ठेवून द्यायची. मेंदूला रक्त कमी पडत होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं संपल्यावर.

खाडीच्या जागी आता दवाखान्याचं बाकडं आहे. दोघं शेजारी बसलीत.

"बाबा, मला कळायला हवं होतं. माझं कामच ते." तिची मान वर होत नाही.

तिच्या ओठांवर पुढचं वाक्य येतं, ती ते गिळते. त्यांच्या तळव्यावर अंगठा दाबून धरते आणि थांबते. बाकड्याखालून ओहोटीचं पाणी सरकत जातं, होड्या चिखलात टेकतात, तरी ती थांबते.

"डॉक्टरांकडे ना?" बाबा अखेर म्हणतात. "तू आलीस की जाऊ म्हटलं."

ती दचकून जागी होते. सहकारी जेवून परतलेत, खुर्च्या सरकतायत. कुणाकडे बघायचं तिला धाडस होत नाही. तिचा अंगठा कीबोर्डच्या, शब्दांमध्ये जागा सोडणाऱ्या लांब बटणावर घट्ट दाबलेला आहे, आणि अहवालातल्या अर्ध्या वाक्यापुढे कोरी पानंच्या पानं पसरलीयत.