ड्रॅगनच्या गुहेत मांडलेला संसार

ड्रॅगनशी लढायला निघताना झाडलोटीचा मंत्र बरोबर नेऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.)

आमची अनघा. वय लग्नाचं, पगार भरपूर, आणि दर रविवारी इथे कानडी मुलखात, बोगादीच्या आमच्या हॉलमध्ये मित्र जमवून काय करते, तर फासे टाकून राक्षस मारते! तेही नुसतं तोंडाने. "मी तलवार उपसली!" उपसली म्हणे! घरात कांदा चिरायला सुरी उचलत नाही.

त्या रविवारी त्यांचा बार्ड आजारी पडला. बार्ड म्हणजे गाऊन जादू करणारा गवई. अनघा अगदी काकुळतीला आली.

"आई, त्याच्या जागी तू बस ना! आज शेवटची लढाई आहे. खेळात मी वीरा असते, दोन वर्षं जपलीय तिला. तिच्या जखमा बार्डच भरतो. ती मेली की संपलं, परत येत नाही."

"सुम्ने उगीच नाटकं नकोत! कागदावरची बाई ती," मी म्हटलं. पण गवई हवा म्हटल्यावर बसले. जन्मभर गाण्याच्या शिकवण्या घेतल्यात मी; म्हटलं, या पोरांना कळू दे गवई कशाला म्हणतात.

खेळ चालवणारा केदार नाशिकहून इथे नोकरीला आलेला, वागायला फार नम्र. त्याने मंत्रांचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"काकू, मोजकेच मंत्र मिळतात. जखम भरणारा एक तरी घ्याच."

"तू मला शिकवतोस? अरे, दोन नणंदांचे संसार मांडून दिलेत मी!"

घोड्याने पेंड खाल्ली ती इथेच. नवं बिऱ्हाड थाटताना बाई काय बघते? रोज लागेल ते आधी! मी तसंच निवडत गेले. फुटलेलं सांधणारा मंत्र, घेतला. उजेड पाडणारा, घेतला; विजेचा काय भरवसा? आमच्या मांजरीला दोन शब्द सुनावायचेच होते, म्हणून प्राण्यांशी बोलण्याचाही घेतला. आणि झाडलोट करणारा अदृश्य गडी? अय्यो, तो तर सगळ्यात आधी!

"काकू, जखमेचा राहिला," केदार म्हणाला.

"हळद असते की घरात!"

"मग शत्रूला झोपवणारा तरी?"

"दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि त्यालाच झोपवायचं? चोर आहोत का आपण?"

अनघाने कपाळावर हात मारून घेतला.

मग आलं फीट. फीट म्हणजे अंगचं जादा कसब, आणि तेही एकच मिळणार. "मार बसला तरी जादू तुटू न देणारं घ्या," केदार म्हणाला.

"माझं गाणं तुटेल? शेजारी मिक्सर लागला तरी माझा सूर हलत नाही!" मी सुगरणीचं कसब घेतलं. (आहे हो, खरंच आहे त्या पुस्तकात!)

गुहेत शिरलो, आणि ड्रॅगनने पहिल्याच फुंकरीत वीराला लोळवलं.

"आई, मरतेय गं ती! काहीतरी कर!" अनघाने माझा दंड धरला.

"गड्याला पाठवते."

"तो काय करणार?"

"राख झाडेल."

कुणी हसलं नाही. मी घाईघाईने ड्रॅगनशी बोलायला गेले, तर केदार म्हणतो, "काकू, ड्रॅगन प्राण्यांत धरत नाहीत."

"मग कशात धरतात? सरकारी नोकरांत?"

शेवटी उजेड पाडला. त्या उजेडात वीरा मरताना सगळ्यांना स्वच्छ दिसली.

अनघाने तिच्या जिवासाठी फासे टाकले, तेही उलटेच पडले. वीरा गेली. मला वाटलं होतं, हसू येईल. आलं रडू!

"अरे केदार, एकदा परत फासे टाकू दे रे तिला! तरणीताठी पोर ती!"

अनघाच माझी पाठ थोपटायला लागली. "आई, जाऊ दे. खेळ आहे गं."

"खेळ? पोर गेली माझ्या हातून आणि खेळ म्हणतेस?"

लढाई जिंकणारच म्हणून मी केसरीभात (म्हणजे आपला शिराच) करून ठेवला होता. तो सगळ्यांना वाढला. "काकू, तुम्हीही घ्या ना थोडा," केदारने आग्रह केला.

"नको रे. घरात मरण झालंय, आज गोड कसं खाऊ?" मी डोळे पुसले, आणि मेलेल्या मुलीने पुन्हा ताटली पुढे केली म्हणून तिला आणखी वाढलं.