फाटकावरून परत पाठवलेली चौघं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या रविवारी आमच्या फाटकाशी चौघं आली होती आणि मी खोटं बोलून त्यांना परत पाठवलं.

ती माझ्या मुलीची मित्रमंडळी. दोन मुली, दोन मुलं. आंजीहून बसनं यायची. सगळ्यांना जपानी कार्टून मालिकांचं वेड. पिपरी मेघेतल्या आमच्या वरच्या खोलीत फोमच्या शीटा कापायच्या, पंख, चिलखतं चिकटवायची आणि मालिकेतल्या पात्रांसारखं नटून नागपूरच्या मेळाव्याला जायचं. खाली मला नुसतं हसणं ऐकू यायचं. गोरसपाक बिस्किटांचा डबा एका दुपारी फस्त.

आणि मी नातेवाइकांत सांगायचो, "आमची पोरगी घुमी आहे, कार्टून पाहत बसते." मोठा भाऊ तर तिला हाकच मारायचा, "काय वं कार्टून, लग्न करतं का नाई?" मी हसायचो.

त्या रविवारी तिला पाहायला पाहुणे आले होते. मेळावाही त्याच दिवशी. तिनं आदल्या दिवशीच विचारलं होतं, "बाबा, पाहुणे गेले का मी जातो, चालते ना?" मी हो म्हटलं होतं. पाहुणे पोहे खात होते, ती आत साडी नेसत होती, फोन आईनं काढून घेतलेला. फाटक वाजलं. पाहतो तर एकाच्या पाठीला निळे पंख, एकीच्या हातात रंगवायला नेलेलं माझ्या मुलीचं चिलखत.

"काका, तिले आवाज द्या ना. आम्ही थांबतो भाईर."

मागे पाहुण्यांच्या माना वळलेल्या. मी हळूच म्हणालो, "ते नाई येत. कंटाळली म्हणे तुमच्या पोरखेळाले. तिनंच सांगतलं. आता नका येत जाऊ."

चिलखत फाटकाला टेकवून ती चौघं गेली. मी ते जिन्याखाली ढकललं.

"कोण होय जी ते?" पाहुण्यांनी विचारलं.

"गॅदरिंगचे पोरं. वर्गणी मागून राह्यले."

ते स्थळ काही जमलं नाही. संध्याकाळी मुलीला फोनवर दिसलं, चौघांनी तिला ग्रुपमधून काढलं होतं.

"बाबा, आलते का ते मले घ्यायले?"

"नाई."

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यांनाही विचारलं नाही. मानी आहे, माझ्यावर गेलीय.

माझे वडील वडनेरला दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात राणी व्हायचे. तोंडाला रंग, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. गाव त्यांना हौशी म्हणायचं आणि मी शाळेत त्याचा तोरा मिरवायचो. माझ्या पोरीनं पंख लावले तर ती कार्टून. आणि घुमी म्हणाल तर या गल्लीत इतकी वर्षं राहून ज्याच्याकडे कुणी चहाला येत नाही, तो मी. तिच्याकडे तर बस बदलून माणसं यायची.

आता ती खरंच घुमी झालीय. वरून आवाज येत नाही. परवा भाऊ म्हणाला, "सुधरली बा पोरगी." या खेपेला मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

चिलखत अजून जिन्याखालीच आहे. ते काढून मुलीच्या हातात द्यायचं आणि ते आले होते हे सांगायचं, एवढं मी तिचं देणं लागतो. आणि आंजीला जाऊन त्या चौघांना सांगायचं आहे, ती कंटाळली नव्हती.