भावाने निवडून दिलेली हत्यारं

शाळेच्या व्हॅनमधली मुलं तिला मावशी म्हणत. मुलांचं ऐकून त्यांचे आईबाप म्हणायला लागले, मग कोपऱ्यावरचा दुकानदार, मग सगळी गल्ली. वयाने मोठी माणसंसुद्धा "मावशी, जरा गाडी पुढे घ्या" म्हणत, आणि तीही हसून गाडी पुढे घेई.

व्हॅनच्या आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायची. कॉलरचा एक टाका सरकला तरी तिच्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका महिनोन्‌महिने 'परत उघडेल' म्हणत दारात उभ्या राहिल्या. मावशीने मात्र गाडी चालवायचा परवाना काढला, एक जुनी व्हॅन घेतली आणि शाळेत मुलं पोचवायला लागली.

जुनी गाडी म्हणजे घरातलं आजारी माणूस. आज हे दुखतं, उद्या ते. गॅरेजवाला वाईट नव्हता, पण त्याचा 'उद्या' काही उजाडत नसे. एकदा ब्रेकच्या पॅडसाठी व्हॅन त्याच्याकडे अडकली आणि सकाळपासून आयांचे फोन सुरू झाले. मावशी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहिली. शेवटी त्याने चाक काढलं, दोन बोल्ट सोडले, झिजलेले पॅड ओढून काढले, नवे बसवले आणि पुन्हा बोल्ट आवळले. तिने सगळं डोळ्यांत साठवलं. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "हे एवढंच असतं होय? हे तर मी घरी करेन."

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "कर की."

इतक्या सहज होकार येईल असं तिला वाटलं नव्हतं. त्या आनंदात तिने त्याला दुसरा चहा करून दिला.

घराच्या मागे पत्र्याखाली व्हॅनपुरती सिमेंटची जागा होती. मावशीने ती झाडून घेतली. मग काय काय लागेल याचा विचार सुरू झाला. गाडीचं जाडजूड माहितीपुस्तक तिने वाचून काढलं, मोबाइलवर कामाचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. गोट्या, म्हणजे पान्याच्या पुढे बसवायची ती पोकळ टोपणं, आतून सहाच कोनांच्या घ्यायच्या, कारण बारा कोनांच्या गोट्या जुन्या बोल्टवरून घसरतात. पान्यांच्या तोंडाला फट नको. जॅकने गाडी फक्त उचलायची, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. खाली लोखंडी घोड्या लावायच्या, तीन-चार पायांच्या, गाडीचा भार पेलणाऱ्या. आणि बोल्ट किती आवळायचा ते सांगणारा, ठरलेल्या जोराला टक वाजणारा पाना. थोडंच घ्यायचं, पण एकदाच आणि नीट घ्यायचं, असं तिने ठरवलं.

दुकान शोधायची गरजच नव्हती. तिचा धाकटा भाऊ शहरातल्या मोठ्या हत्यारांच्या दुकानात काउंटरवर होता. आई कामाला जायची तेव्हा याला कडेवर घेऊन मावशीनेच वाढवलेलं. त्याला सायकल तिने शिकवली, त्याच्या शाळेतल्या भांडणात ती पडली, या नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्याच्या शर्टाला इस्त्रीही तिनेच केली. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तू कशाला येतेस एवढ्या लांब? तुझ्या फेऱ्या असतात. मी निवडून आणतो. माझं रोजचंच काम आहे."

"सहा कोनांच्या गोट्या हं."

"अगं हो. मला शिकवतेस का आता?"

दोघंही हसली.

रविवारी तो लाल पत्र्याची पेटी घेऊन आला, मागून घोड्यांची जोडीही उतरवली, लाल, चकचकीत. मावशीने प्रत्येक पाना हातात घेऊन पाहिला. एक गोटी बारा कोनांची निघाली. "सहाची या मापात येत नाही," भाऊ म्हणाला. तिला ते पटलं नाही, पण भाऊ सांगतोय म्हटल्यावर तिने गोटी पेटीत ठेवली. नवरा दारात उभा राहून बघत होता. "झाली का गॅरेजवाली!" तो म्हणाला, आणि मेव्हण्याकडे बघून हसला. मावशीही हसली. त्या दोघांचं तिच्यामागे काही ठरलेलं आहे, हे तिला तेव्हा कुठून कळणार?

पहिल्याच कामात पाना बोल्टवरून घसरला आणि बोटांची सालं निघाली. दुसऱ्या खेपेला बोल्टचे कोनच गोल झाले, आणि तो काढायला शेवटी गॅरेजवालाच गाठावा लागला. तो हसला नाही, हेच तिला जास्त लागलं. मग एक गोटी उभी चिरली. रॅचेटचे, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याचे, दात मध्येच सुटायचे. ती भावाला फोन करायची आणि तो समजूत घालायचा, "ताई, जोर चुकीच्या दिशेने लावतेस. हात बसायला वेळ लागतो गं. सगळ्यांना जमतंच असं नाही."

मावशीने ते मनावर घेतलं. कपड्यातला चुकार टाका अंधारातही शोधणारी ती बाई स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लागली. घरात नवरा म्हणायचा, "सोड ना. कशाला जिवाला त्रास?" हे तो इतक्या मायेने म्हणायचा की तिला आणखीच लाज वाटायची. तिने जवळजवळ सोडलंच होतं. पण पुढच्या चाकांचे ब्रेक पुन्हा किरकिरायला लागले आणि ती म्हणाली, एकदा शेवटचं करून बघू.

शनिवारची दुपार होती. तिने जॅकने व्हॅनचं तोंड उचललं, दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, जॅक सोडून भार त्यांच्यावर दिला. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवलं. माहितीपुस्तकात तसं सांगितलं होतं. खाली जाण्याआधी गाडी जोराने हलवून बघा, असंही होतं. तिने खांदा लावला आणि रेटा दिला.

डावी घोडी कागदासारखी मुडपली. व्हॅन कडकड करत खाली आली आणि त्या चाकावर बसली. धुळीचा लोट उठला. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "काय झालं?" मावशी भिंतीला टेकून खाली बसली. आणखी थोड्या वेळाने तिची छाती जिथे असती, तिथे ती बघत राहिली.

मग उठून तिने व्हॅन पुन्हा जॅकवर घेतली आणि ती घोडी ओढून काढली. जोडाची वेल्डिंग उलली होती. लाल रंगाचा पापुद्रा निघाला होता आणि त्याच्याखाली निळा रंग होता, त्या निळ्यावर गंज. नव्या घोडीखाली जुनी घोडी. नखाने तिने आणखी थोडा रंग खरवडला. मग घोडी पिशवीत घातली आणि बस धरून भावाच्या दुकानात गेली.

काउंटरवर भाऊ नव्हता, मालक होते. त्यांनी घोडी उलटीपालटी केली.

"ही? बाई, ही तर एका गिऱ्हाइकाने परत केली होती. जोड कच्चा म्हणून. मी भंगारात टाकायला सांगितली होती. तुम्हाला कुणी दिली?"

तेवढ्यात आतून खोकी घेऊन भाऊ आला. ताईला बघून त्याने खोकी खाली ठेवली. काही विचारायची गरज उरली नाही. तो तिला दुकानामागच्या बोळात घेऊन गेला.

"ताई, आधी ऐकून घे. मी माझ्या मनाने नाही केलं. भाऊजी म्हणाले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तिला असं काहीतरी दे की महिन्याभरात कंटाळेल. गल्लीत लोक बोलतात, बायको गाडीखाली लोळते म्हणून. तुझे हातपाय मोडू नयेत म्हणून… मी परत आलेले, झिजलेले पाने दिले. बस, एवढंच ठरलं होतं."

"आणि घोड्या?"

"तू मागितल्यास. मला वाटलं, घोड्यांपर्यंत तू कुठली जातेस. त्याआधीच सोडशील."

"रंग कुणी दिला?"

"मीच."

मावशीला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. समोर उभा होता तो तिने कडेवर वागवलेला पोरगा, आणि तो ब्रश घेऊन बसून गंजावर नीट, कोपरे न सोडता लाल रंग देत होता, हे तिला स्पष्ट दिसलं. फोनवरचं ते 'ताई, जोर चुकीच्या दिशेने लावतेस' आठवलं आणि तिच्या अंगाची आग झाली.

"पाने वाईट दिलेस ते एक वेळ सोडते," ती म्हणाली. "पण माझे हात वाईट आहेत असं सांगत राहिलास."

तो "ताई, ताई" करत मागे आला. ती थांबली नाही.

घरी नवरा शर्टाची बटणं लावत होता, कुठेतरी निघाला होता. तिने पिशवीतली घोडी त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. घोडीचं त्याला खरंच माहीत नव्हतं, हे तिला दिसलं. दिसलं म्हणून बरं वाटलं असं मात्र नाही.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं. सरळ नको म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग भांडलो असतो. दोन दिवस अबोला धरला असता. समोरासमोर झालं असतं ना. तुम्ही दोघांनी मिळून मलाच माझ्याबद्दल खोटं सांगितलंत. मी रोज तुमच्यासमोर बोटांना पट्ट्या बांधत होते आणि तुम्ही 'सोड ना' म्हणत होतात."

तो बाहेर गेला नाही. उलट्या घातलेल्या पायमोज्यांकडे बघत खाटेवर बसून राहिला.

पुढच्या आठवड्यात मावशी दुसऱ्याच दुकानात गेली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिने पाना मागितला, बोल्ट मागितला, आणि काउंटरवरच पाना बोल्टवर चढवून किती हलतो ते पाहिलं. बोटाने कडा चाचपल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, कपडा बघताय का?" ती म्हणाली, "तसंच समजा." घोड्यांचे जोड तिने उजेडाकडे धरून तपासले आणि दोन जोड्या बाजूला सारून तिसरी घेतली. टक वाजणारा पाना सगळ्यात शेवटी घेतला. ब्रेकचं काम एका सकाळी झालं. एकही बोल्ट घसरला नाही. शेवटचं चाक बसवून झाल्यावर ती तिथेच खाली बसली, आणि दुकानामागच्या बोळात न आलेलं रडू तेव्हा आलं.

भाऊ येतो. आईच्या औषधांचं बोलणं होतं, मुलांच्या शाळेचं होतं. एकदा तो नव्याकोऱ्या घोड्या घेऊन आला होता. "मालकासमोर घेतल्यात ताई, हवं तर विचार." तिने चहा दिला आणि जाताना घोड्या त्याच्या गाडीत परत ठेवायला लावल्या. तो रडवेला झाला. तिला वाईट वाटलं, पण त्याच्या चांगुलपणावर पुन्हा भार टाकायची तिची तयारी नव्हती.

परवा ती व्हॅनखाली इंजिनचं जुनं तेल सोडत होती. शेजारी फाटकाशी येऊन नवऱ्याला विचारत होते, गाडी कुठे दाखवता म्हणून. "छे, बाहेर कशाला?" नवरा ऐटीत म्हणाला. "आमच्याकडे सगळं घरीच करतो आम्ही."

मावशीने ते खालून ऐकलं. बाहेर येऊन काहीतरी बोलावंसं तिला वाटलं. मग तिने तेलाचं बूच पुसलं, जागेवर लावलं आणि आवळायला घेतलं. थोड्या वेळाने नवरा वाकून म्हणाला, "काही देऊ का गं हातात?"

"नको," ती म्हणाली. "माझं मी घेते."