एक प्रश्न जास्तीचा

वकील व्हायला काय लागतं, असं कॉलेजातल्या पोरी मला विचारतात. पदवी लागते, सनद लागते, चार लोकांत बोलता आलं पाहिजे. हे सगळं माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं, आणि तरी मी एका माणसाचं पाणी घालवलं.

तो अर्जुनी मोरगावकडचा धानाचा शेतकरी, वयानं माझ्या बापाएवढा. इटियाडोह धरणाचं पाणी आधी शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात यायचं आणि दोघांमधल्या धुऱ्यातल्या, म्हणजे मातीच्या बांधातल्या वाटेनं खाली याच्या बांधीत उतरायचं. शेजाऱ्यानं ती वाट बुजवली, म्हणून दावा. मी सातबारा मागितला, नकाशा मागितला, पाण्याच्या पावत्या मागितल्या. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण मला कुठला वेळ! कागद बोलतात, असं म्हटलं मी त्याला. शहाणपणा नुसता उतू जात होता.

उलटतपासणी माझी पहिलीच. सुरुवात झकास झाली. पाणी पूर्वीपासून त्याच वाटेनं जायचं, रोवणीच्या दिवसांत आपणच ती मोकळी करायचो, हे शेजाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. तिथंच खाली बसायचं होतं. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही, हे सीनियरांनी शंभरदा बजावलं होतं. पण मला चेव आला होता. मी दरडावून विचारलं, "मग बुजवली कायले?"

"यायनंच सांगतलं जी, बंद कर म्हून," तो शांतपणे म्हणाला.

मी वळून पाहिलं. मागच्या बाकावरून माझा अशील हात जोडून उठला होता. गावच्या बैठकीत बसल्यासारखं त्यानं भर कोर्टात सांगून टाकलं, की हो जी, म्हटलं होतं. जजसाहेबांनी त्याला खाली बसवलं. मीही बसले.

बाहेर आल्यावर वर मीच त्याच्यावर भडकले. मधे बोलायची गरज काय होती? त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, धुरा फुटला होता, त्या एका सालापुरतं म्हटलं होतं.

"तुम्ही मले इचारलंच नाही, बाई."

निकाल विरोधात गेला. त्या साली त्याला उन्हाळी धान लावता आला नाही. मला इतकी लाज वाटली, की गोंदियात अपील करायला एका मुरलेल्या वकिलाचा पत्ता मी स्वतःच चिठ्ठीवर लिहून दिला.

त्यानं चिठ्ठी टेबलावर परत ठेवली. "त्यायले पयलेपासून सांगा लागंल. तुमाले तं आता समदं मालूम हाये."

"नाही मालूम, काका," मी म्हटलं. "सांगा."